राळेने बुजवलेला सुळा

दातांच्या डॉक्टरने आरशाच्या दांडीने माझ्या दातांवर ठक ठक करायला सुरुवात केली की मला हसू आवरत नाही. परवा सानपाड्याच्या दवाखान्यात असंच झालं. डॉक्टर म्हणजे माझ्या नातीच्या वयाची मुलगी, बिचारी थबकलीच. "आजी, टेन्शन घेऊ नका हं, दुखलं तर हात वर करा," म्हणाली. तोंडात तिची दोन बोटं असताना मी तिला काय सांगणार? की बाई गं, ही ठोकून बघायची विद्या मी तुझ्या जन्माच्या कितीतरी आधी मोऱ्याच्या बंदरावर पाहिली आहे! आणि त्या विद्येत ज्याचा हात धरणारा कोणी नव्हता, तोच माणूस ती स्वतःच्या तोंडात वापरायला विसरला, तेव्हा आमच्या सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

छप्पन-सत्तावनची गोष्ट असेल. नवी मुंबई हे नावसुद्धा तेव्हा कोणी ऐकलेलं नव्हतं. मी साताऱ्याकडची, नुकतीच शिक्षिकेचं ट्रेनिंग संपवून बाहेर पडलेली, वय वर्षं एकवीस. पहिली नेमणूक मुंबईसमोर, खाडीपलीकडच्या मोऱ्याच्या शाळेत झाली. समुद्र मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला तो लाँचच्या कठड्याला धरून, उलट्या करत. धक्क्यावर उतरले तेव्हा माझी पत्र्याची पिवळी ट्रंक एका उंच, काळ्या, उघड्या अंगाच्या म्हाताऱ्याने उचलून घेतली, खाली ठेवली, आणि बोटांच्या पेरांनी तिच्यावर चारी बाजूंनी टकटक केली.

"मागचा कोपरा गंजलाय," तो म्हणाला. "आतून. दिवाळीपर्यंत फुटंल."

हे माझे घरमालक. होड्या बांधायचे, म्हणून सगळा गाव त्यांना मिस्त्री म्हणायचा, मीही तेच म्हणायला लागले. त्यांच्या घराची पुढची खोली शाळेतल्या मास्तरांनी माझ्यासाठी ठरवून ठेवली होती. आणि हो, ट्रंकेचा मागचा कोपरा दिवाळीच्या आठवड्यातच फुटला!

मिस्त्री जगातली प्रत्येक वस्तू ठोकून बघत. लाकूड तर बघतच, ते त्यांचं कामच. फळीवर लाकडी मोगरीने हलके टोले द्यायचे, कान लावायचा, आणि सांगायचं, "हितं बोलतंय. हितं गप हाय." जिथे लाकूड गप्प असेल तिथे आत कुजलेलं असायचं, वरून कितीही गुळगुळीत दिसो. मग तेवढा तुकडा कापून टाकायचा. पण त्यांचं ठोकणं लाकडावर थांबत नसे. नारळ, कलिंगड, मडकी, शाळेचा फळा, देवळाचा खांब. एकदा शाळा तपासायला आलेल्या साहेबांची लाकडी पेटी त्यांनी रस्त्यात थांबवून ठोकली आणि "ही आंब्याची हाय, सागाची सांगून तुमाला दिली," असं सांगितलं. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. माझ्या शाळेला त्या वर्षी शेरा बरा मिळाला नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांची नजर. मिस्त्रींनी होडीचा नकाशा कधी काढला नाही. कागद त्यांना विडी वळायलाही आवडत नसे. फळी बसवली की होडीच्या टोकाशी उकिडवं बसायचं, डावा डोळा मिटायचा आणि उजव्या डोळ्याने फळीच्या कडेवरून शेवटपर्यंत बघायचं. केसभर इकडे नाही, केसभर तिकडे नाही. बोलावून आणलेला मुंबईचा एक इंजिनीअर फूटपट्टी घेऊन दिवसभर त्यांच्या होडीत फिरला आणि संध्याकाळी त्यांच्या पाया पडून गेला, असं गावात सांगत. खरंखोटं देव जाणे. पण मिस्त्री उजव्या डोळ्याला "माजा साहेब" म्हणायचे हे मी कानांनी ऐकलंय. दोन पुतणे हाताखाली होते, चाळिशीचे बाप्ये, पण त्यांना मिस्त्रींनी कधी एका फळीवरून नजर टाकू दिली नाही.

आणि त्यांची बायको. तिला मी मावशी म्हणत असे. मावशी बारीक चणीची, फार कमी बोलणारी. दिवसातून चार वेळा चहाची किटली घेऊन होडीपाशी जायची, कप भरायची, उभी राहायची, रिकामे कप घेऊन परत यायची. होडीबद्दल तिच्या तोंडून मी कधी शब्द ऐकला नाही. मला वाटायचं, तिला त्यात काही गम्य नसावं.

आता दाताची गोष्ट.

एका होडीला पाण्यात ढकलायचा दिवस होता. सगळा गाव जमलेला, गुलाल, नारळ, आरडाओरडा! आणि ऐन वेळी काथ्याच्या दोराला अशी गाठ बसली की सुटता सुटेना. कोणीतरी कोयता काढला. मिस्त्री गरजले, "खबरदार! होरीची गाठ कापायची नसते, सोरवायची असते." आणि त्यांनी ती गाठ दातांत धरली. मी चार हातांवर उभी होते. कडकन आवाज झाला. गाठ सुटली, होडी सरसरत पाण्यात गेली, लोकांनी जल्लोष केला, आणि मिस्त्रींनी तळहातावर काहीतरी थुंकून बघितलं. उजव्या बाजूच्या वरच्या सुळ्याचा चांगला मोठा टवका होता तो.

"तुकराच तर हाय," म्हणाले, आणि तो समुद्रात भिरकावला.

पण पुढचे आठ-दहा दिवस गावाने अभूतपूर्व शांतता अनुभवली, कारण मिस्त्री तोंडच उघडत नव्हते. वारा लागला की सुळ्यातून कळ जायची. गार पाणी प्यायचं तर मान तिरकी करून, डाव्या गालातून. मावशी म्हणाली, "मुंबईला दाताचा डाक्टर हाय, जाऊन या." मिस्त्रींनी त्याच्यावर जे उत्तर दिलं त्यातला सभ्य भाग एवढाच, "दात काय त्याच्या बापानं बसवलेत?"

शाळेत मी मुलांना दातांचा धडा शिकवत असे. पुस्तकात दाताचं चित्र होतं, वरचं कवच, आतला मऊ गाभा, गाभ्यातली नस. तेव्हा खरं म्हणजे मी बोलायला हवं होतं. मिस्त्री, टवका गेला म्हणजे गाभ्याचं दार उघडं पडलं, आता त्यात घाण शिरणार, असं माझ्या तोंडून यायला हवं होतं. पण मी एकवीस वर्षांची, आणि समोर मिस्त्री! मी गप्प बसले. नुसती गप्प बसले असते तरी चाललं असतं. मी त्याहून पुढे गेले. मी त्यांना आरसा धरून दिला.

झालं असं, की एका सकाळी मिस्त्रींनी माझ्या दारावर टकटक केली. एका हातात वाटी, वाटीत उकळलेली राळ आणि तेल, दुसऱ्या हातात कापसाची बारीक वळलेली वात. "मास्तरनी, तुजा आरसा घे," म्हणाले. होडीच्या दोन फळ्यांमधली फट बुजवायची तर कापूस ठासून भरतात आणि वरून राळ-तेल लावतात, मग थेंबभर पाणी आत येत नाही. मिस्त्री अंगणात पायरीवर बसले. मी आरसा धरला. पितळी सुईच्या टोकाने त्यांनी तो कापूस सुळ्याच्या खाचेत ठासला, टप टप टप, डोळ्यांत पाणी आलं तरी हात हलला नाही. मग राळेचा थेंब. मग अंगठ्याने दाबून सारखं केलं. माझ्या अंगावर काटा आला आणि त्याच वेळी टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या!

त्यानंतर परीक्षा. विहिरीचं गार पाणी तोंडात भरून मिस्त्री अंगणात फेऱ्या मारत राहिले. चांगली दहा मिनिटं. आम्ही श्वास रोखून बघतोय. शेवटी चूळ टाकली आणि ओरडले, "थेंब गेला नाय! थेंब गेला नाय आत!"

मी त्यांना शाळेत नेलं हो! वर्गासमोर उभं केलं, तोंड उघडायला लावलं आणि मुलांना सांगितलं, बघा, याला म्हणतात कल्पकता. आज आठवलं की कानशिलं गरम होतात.

बातमी बंदरभर झाली. दुसऱ्याच आठवड्यात पोस्टमन आला. त्याचा पुढचा दात सायकलवरून पडून तुटला होता. मग शेजारची काकू, जिचा दात सुपारीने फुटला होता. आणि मग मी. मला मावशीने चिंबोऱ्यांचं, म्हणजे खेकड्यांचं, कालवण वाढलं होतं. नांगा कसा फोडायचा हे ठाऊक नसल्यामुळे मी तो सरळ दाढेखाली धरला आणि कचकन चावले. नांगा तसाच राहिला, दाढेचा कोपरा गेला. मिस्त्रींनी माझी दाढ इतक्या हळुवार हाताने बुजवली की काय सांगू. पुढे तीन दिवस माझ्या चहाला नव्या होडीचा वास येत होता. पण कळ थांबली. आम्ही चौघं, मिस्त्री धरून, एकमेकांना रस्त्यात भेटलो की दात दाखवायचो.

आठ-नऊ महिने गेले. मिस्त्रींचा सुळा हळूहळू काळपट होत चालला होता. "राळ मुरली," असं त्यांचं म्हणणं. हिरडीवर मधूनच एक पुळी यायची, फुटायची, तोंड खारट व्हायचं, पुन्हा बसायची. दुखत मात्र काहीच नव्हतं, म्हणून तिकडे कोणी लक्ष दिलं नाही. ना त्यांनी, ना आम्ही.

श्रावण लागला. नारळी पौर्णिमा दोन आठवड्यांवर. सानपाड्याच्या एका शेतकऱ्याची खाडीतून भात न्यायची होडी मिस्त्रींनी अंगावर घेतली होती, ती पौर्णिमेला पाण्यात जायची होती. पौर्णिमेचा शब्द मिस्त्रींनी आयुष्यात कधी मोडला नव्हता. आणि एका सकाळी ते कामावर आले ते अर्धा चेहरा घेऊन! उजवा गाल भप्प सुजलेला, ओठ वर ओढलेला, नाकाची कड दिसेना. मी किंचाळलेच.

"वारा बाधला," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सूज डोळ्याखाली आली. तिसऱ्या दिवशी उजवा डोळा पार मिटला. पापणी लाल, तुकतुकीत, ताणलेली. अंगात ताप फणफणत होता. मावशी लवंगा देत होती, लेप लावत होती आणि दर तासाला एकच वाक्य म्हणत होती, "मुंबईला चला." मी विनवण्या केल्या, मी रडले. आता मला पुस्तकातलं ते चित्र डोळ्यांसमोर दिसत होतं, दार उघडं असलेला गाभा, आणि वरून आम्ही ठोकलेलं झाकण. मिस्त्री हसण्याचा प्रयत्न करून म्हणाले, "फली बघताना एक डोला मिटायचाच असतो ना? मंग झालं."

पण मिटला होता तो साहेब होता. नोकर उघडा होता.

त्या दिवशी त्यांनी चौथी फळी बसवली. टोकाशी उकिडवे बसले, डाव्या डोळ्याने बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि "ठोका" म्हणाले. पुतण्यांनी खिळे ठोकले. तेवढ्यात मावशी किटली घेऊन आली. मी तिच्यामागून कप घेऊन आले होते, म्हणून हे मी स्वतः पाहिलं. तिने किटली खाली ठेवली. होडीच्या टोकाशी वाकली, एक डोळा बारीक केला, आणि साध्या आवाजात म्हणाली,

"चवथी फली बोटभर खाली उतरली."

एका पुतण्याच्या हातातला हातोडा तसाच वर राहिला. मिस्त्रींनी मान वळवली. "घरात जा," म्हणाले. ती गेली. मग त्यांनी दोरी मागितली. एक टोक पुतण्याकडे दिलं, एक स्वतः धरलं, दोरी ताणली. शेवटच्या खिळ्यापाशी दोरी आणि फळी यांच्यात त्यांचं अख्खं बोट गेलं.

मिस्त्री तिथेच चिखलात बसले. मी त्यांना असं बसलेलं कधी बघितलं नव्हतं. पुतणे एकमेकांकडे बघायला लागले, मला रडू फुटलं. मग ते म्हणाले, "मास्तरनी, लाँच किती वाजता हाय?"

पावसाळ्यात लाँच मनात आलं तर सुटायची. त्या दिवशी तिच्या मनात आलं, आमचं नशीब! मिस्त्री, मावशी आणि मी. लाटा अशा, की मी पुन्हा कठड्याला. मिस्त्रींना थंडी वाजत होती, मावशीने स्वतःचा पदर त्यांच्या डोक्यावर धरला होता. आणि अशा अवस्थेत हा माणूस बाजूच्या फळीवर टकटक करत होता. एकदम लाँच चालवणाऱ्या सारंगाला हाक मारून म्हणाला, "ही फली पुरच्या वर्सी दगा देनार!" लाँचमधल्या निम्म्या लोकांनी देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली.

गिरगावातल्या एका चाळीच्या पहिल्या मजल्यावर डॉक्टरांची खोली होती. डॉक्टर पन्नाशीचे, किडकिडीत, भुवया सतत वर. मिस्त्री खुर्चीत बसले ते दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट पकडून. मला वाटलं, आता उठून पळणार. पण त्यांच्या उघड्या डोळ्याला एक यंत्र दिसलं. पायाने चालवायचं, दोरीवर फिरणारं, भोक पाडायचं. मिस्त्री पुढे झुकले. "यो तर सामता!" त्यांच्याकडेही लाकडाला भोक पाडायचा सामता होता, दोरीनेच फिरवायचा. डॉक्टरांना काही कळलं नाही, पण मिस्त्रींची पकड जरा सैल झाली.

आणि मग डॉक्टरांनी आरशाची दांडी उलटी धरली आणि मिस्त्रींच्या डाव्या बाजूच्या दातांवर हलकेच ठोकलं. ठक. ठक. ठक.

मिस्त्रींचा उघडा डोळा विस्फारला. अहो, त्या चेहऱ्यावर सुजेतूनसुद्धा जो आनंद पसरला तो मी मरेपर्यंत विसरणार नाही! परक्या मुलखात अचानक आपल्या गावचा माणूस भेटावा तसे ते डॉक्टरांकडे बघत राहिले. डॉक्टर पुढे सरकत होते. ठक, ठक. आणि सुळ्यावर जेमतेम स्पर्श झाला तोच मिस्त्री खुर्चीत वीतभर उडाले.

"हे काय भरलंय यात?" डॉक्टरांनी विचारलं.

"राळ नि कापूस," मिस्त्री म्हणाले. आवाजात अजून थोडा तोरा होता. "वरीस होईल. पान्याचा थेंब गेला नाय आत."

डॉक्टरांनी आरसा खाली ठेवला. "पाणी आत गेलं नसेल," ते म्हणाले, "पण पू बाहेर कुठून येणार होता? टवका गेला त्याच दिवशी आतली नस उघडी पडली. ती कुजली, मेली. मेलेली नस दुखत नाही, म्हणून तुम्हाला वाटलं बरं झालं. आत कुजत राहिलं आणि वरून तुम्ही बूच मारलं. आता ती घाण गालातून डोळ्याकडे निघाली आहे. डोळ्यामागून ती मेंदूकडे जाते. अजून दोन दिवस घरी बसला असतात तर डोळा गेला असता. कदाचित तुम्हीही."

मी मिस्त्रींकडे बघत होते. त्यांचा हात खुर्चीच्या लाकडी दांड्यावर होता, आणि बोटाचं पेर त्या दांड्यावर एकदाच वाजलं.

"कुजक्या फलीवर राळ लावली मी," ते हळूच म्हणाले. "माज्या पोरांनी लावली असती तर हात तोरले असते त्यांचे."

"आणखी कोणाला भरलीत ही राळ?"

मी चटकन तोंड मिटलं. मिस्त्रींनी तीन बोटं वर केली. "एक पोस्टमन, एक शेजारीन." तिसरं बोट त्यांनी माझ्याकडे वळवलं. "हिला आदी बघा."

"आधी तुम्ही!" मी ओरडले.

आधी तेच. सुळा काढावा लागला, वाचवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. जे बाहेर आलं त्याच्या वासाने मावशी खिडकीपाशी गेली, पण तिने त्यांचा हात सोडला नाही. मग पेनिसिलिनची इंजेक्शनं, रोज, पाच दिवस. कुलाब्याच्या कोळीवाड्यात मावशीच्या बहिणीकडे मुक्काम टाकला. मी शाळेला तार करून रजा वाढवली. पहिले दोन दिवस डोळा उघडला नाही. डॉक्टर पापणी वर करून बघत आणि "उद्या बघू" म्हणत. मावशी पायाशी बसून राहायची. मी शेजारच्या खोलीत जाऊन रडायची, कारण आरसा मी धरला होता, कौतुक मी केलं होतं, वर्गात उभं मी केलं होतं. हे मी मावशीला सांगितलं तेव्हा तिने मला जवळ घेतलं आणि म्हणाली, "बाय, आरसा तू नसता धरला तर पुतन्यानं धरला असता. ऐकनारा मानूस नव्हं तो."

तिसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री खिडकीशी बसले होते. खाली बंदरात मचवे उभे होते. एकदम ओरडले, "तिसऱ्या मचव्याची डोलकाठी तिरकी हाय!"

आम्ही धावलो. उजवी पापणी फटीएवढी उघडली होती आणि त्या फटीतून साहेब बाहेर बघत होता! मावशी हसली, रडली, मी तर नाचले. चार दिवसांत डोळा पुरता उघडला, नजर जशीच्या तशी. डॉक्टरांनी माझ्या दाढेतली राळ काढली, तिच्यावर ठक ठक केली, आणि ती अजून जिवंत आहे असं सांगून व्यवस्थित भरून दिली. मिस्त्री शेजारी उभे राहून प्रत्येक टोला ऐकत होते. "बोलतंय, बोलतंय," असं मलाच धीर देत होते.

मोऱ्याला उतरल्यावर मिस्त्री घरी गेले नाहीत. आधी पोस्टात गेले. भर पोस्टात, चार माणसांसमोर म्हणाले, "माजी चूक झाली. उद्याच्या लाँचनं जा." पोस्टमन दुसऱ्या दिवशी गेला. काकू मात्र बधेना. "मना कुटं दुखतंय?" म्हणाली. मिस्त्री तिच्या ओट्यावर बसले, तोंड उघडलं, जिथे सुळा होता तिथलं भगदाड बोटाने दाखवलं आणि म्हणाले, "मना बी दुखत नव्हतं." काकूने वाकून त्या भोकात बघितलं, मग मावशीला विचारलं, डाक्टर लय दुखवतो का.

सानपाड्याच्या शेतकऱ्याला मिस्त्रींनी निरोप धाडला, होडी पौर्णिमेला मिळणार नाही, आठ दिवस उशीर होईल. असा निरोप त्यांनी पहिल्यांदाच धाडला होता. पुतण्यांना वाटलं होतं, बोटभराचा तर प्रश्न आहे, कोणाला कळतंय. मिस्त्रींनी चौथ्या फळीचे सगळे खिळे स्वतःच्या हाताने उपटले. फळी पुन्हा बसवली. टोकाशी उकिडवे बसले, डावा डोळा मिटला, उजव्याने बघितलं. सगळं ठीक होतं. मला कळत होतं ते त्यांच्या मानेवरून. पण "ठोका" म्हणायच्या आधी ते थांबले.

मावशी किटली घेऊन येत होती.

"हितं ये," मिस्त्री म्हणाले. "बघ."

तिने किटली ठेवली, वाकली, डोळा बारीक केला. "बसली," म्हणाली, आणि कप भरायला लागली.

मिस्त्रींनी कप घेतला. प्यायले नाहीत. "तुना कवापासून दिसतं यो?"

"पैल्या होरीपासून," मावशी म्हणाली. "ती बी उजवीकरं झुकायची."

पुतण्यांनी तोंडं फिरवली. मिस्त्री लाल झाले, काळे झाले, मग म्हणाले, "चालीस वर्सं! मंग बोलली का नाय?"

"तुमी इचारलं कवा?"

मावशीने रिकामे कप गोळा केले, किटली उचलली आणि घराकडे वळली. दोन पावलं गेली असेल नसेल, तेवढ्यात मिस्त्रींनी हाक मारली.

"चाललीस कुटं? अजून सहा फल्या बाकी हायत."